टायर उघडायचा न्हाई

आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता आणि नगर-कल्याण रस्ता एकमेकांना छेदतात. तिथून कल्याणच्या अंगाला दोनशे पावलं चाललं की भागुजीचं टायरचं दुकान लागायचं. पत्र्यावर मोठ्या अक्षरांत ‘कल्याणी टायर वर्क्स’. पोरींची नावं दुकानांना द्यायची आणि पोरींना घरात बसवायचं, ही आपल्याकडची रीत. भागुजीची कल्याणी मात्र पाटीवर होती तशी पाटीखालीही होती. रोज सकाळी आठला, सलवारीवर बापाचा जुना खाकी शर्ट चढवून. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, “वडील कुठायत?” ती म्हणायची, “जेवायला गेलेत. पंक्चर वडलांचं काढायचंय का टायरचं?”

तोंडाची ही अशी, आणि हाताची त्याहून पक्की. आयटीआयला फिटरच्या वर्गात चाळीस पोरांत एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, “बाळ, शिवणाचा वर्ग पलीकडं आहे.” तर ही म्हणाली, “सर, मला कापडाला न्हाई, लोखंडाला भोकं पाडायचीत.” मास्तरांनी हजेरीत तिचं नाव लिहून घेतलं.

तर २००८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. उसाच्या गाड्या रस्त्यावर रांगेनं चाललेल्या. सकाळी दहाच्या सुमाराला दुकानासमोर एक लालभडक स्पोर्ट्स कार येऊन थांबली. दोनच दारं, आणि इतकी बुटकी की शेळीनं उडी मारून पलीकडं जावं. मागोमाग एक पिकअप, त्यात चार चाकं. कारमधून पप्पू उतरला, पिकअपमधून त्याचा चुलता सयाजी.

पप्पू पिंपरी पेंढारचा. घरची द्राक्षबाग, कांदा, टोमॅटो, आणि सयाजीच्या शब्दाला गावात वजन. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, आणि ते तोंडावर दिसायचं. मुंबईहून त्यानं ही परदेशी गाडी सेकंडहँड आणली होती. आणली ती आणली, वर पुण्यातल्या एका दुकानातून तिला चकचकीत मॅगव्हील, म्हणजे हलक्या धातूची शोभेची चाकं, टाकून घेतले. दुकानदारानं टायर चढवले, साधे रबरी व्हॉल्व्ह बसवले आणि हात झटकले. त्या दिवसापासून पप्पूसमोर गाडीत एक पिवळा दिवा पेटला, तो विझायचं नाव घेईना.

कारण सोपं होतं. असल्या गाड्यांच्या चाकात, व्हॉल्व्हच्या मुळाशी, टायरच्या आत अंगठ्याएवढी एक डबी बसवलेली असते. तिला सेन्सर म्हणतात. ती हवा मोजते आणि गाडीला कळवते. हवा उतरली की दिवा पेटतो, आणि चाकात सेन्सरच नसला तरी पेटतो. पप्पूचे चारही सेन्सर जुन्या चाकांत राहिले होते, आणि जुनी चाकं घरी कांद्याच्या चाळीत पडली होती. मित्र म्हणाले, दिव्यावर काळी टेप लाव. कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितलं, नवे सेन्सर परदेशातून मागवू, दीड महिना धरा. आणि उद्या तर पप्पूचा पुण्यात साखरपुडा. मुलगी श्रेया शिकलेली, बाप गाड्यांचा शौकीन. मागल्या आठवड्यात हा होणारा सासरा गाडीत बसला आणि त्याची पहिली नजर गेली ती त्या दिव्यावर. “जावईबापू, गाडी आजारी दिसते,” म्हणाला. पप्पूला ते फारच झोंबलं होतं.

“ए भागू,” पप्पूनं आरोळी दिली, “जुन्या चाकातलं सेन्सर ह्या मॅगव्हीलमधी टाकायचेत. जमंल का?”

भागुजी साठीचा माणूस. तो उठायच्या आत कल्याणी पुढं झाली.

“भागुजी म्हनायचं. आणि जमतं. काम मी करनार.”

पप्पूनं चुलत्याकडं बघितलं. सयाजीनं बाकड्यावर बैठक मारली आणि म्हणाला, “करू दे की. हात बाईचा का बाप्याचा, टायरला काय कळतंय?”

म्हातारा हसून बोलला, पण खरं तेच बोलला.

आता असलं काम फाट्यावरच्या पोरीला कसं ठाऊक, असं कुणाला वाटेल. त्याला कारण भागुजीची एक चूक. तीस वर्षं त्यानं ट्रकचे टायर खोलले. ट्यूबवाल्या टायरचा नियम त्याच्या हातात मुरलेला: टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, घालायची ती व्हॉल्व्हपाशी, तर आतली ट्यूब चिमटत नाही. चार वर्षांमागं शिर्डीला निघालेलं एक जोडपं असलीच परदेशी गाडी घेऊन पंक्चर काढायला थांबलं. भागुजीनं सवयीनं टॉमी घातली व्हॉल्व्हपाशी, आणि आतला सेन्सर कटकन मोडला. ट्रकवाल्यांत वाढलेला हात, त्याला काय माहीत तिथं आत कुणी बसलंय म्हणून! मालक बिचारा भला होता, भरपाई न मागता गेला. भागुजी मात्र दोन दिवस नीट जेवला नाही.

कल्याणीनं ती मोडकी डबी करवतीनं कापून बघितली. आत गोळीएवढी बॅटरी, वरून सीलबंद. बदलायची सोय नाही, तरी म्हणे सात-आठ वर्षं पुरते. ते कसं, हे काही तिला सुचेना. तिचा थोरला भाऊ धम्मपाल शारजाला टायरच्या दुकानात कामाला होता, त्याला तिनं फोनवर विचारलं. तो म्हणाला, “अगं, त्यो झोपून ऱ्हातो. चाक फिराया लागलं, गाडीनं तीस-पस्तीसचा वेग धरला, मंग जागा व्हतो आन् गाडीशी बोलतो. उभ्या गाडीत त्यो मुका.” मग प्रत्येक फोनला ती त्याला खोदून खोदून विचारायची. त्यानंतर असल्या तीन गाड्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. एकीचाही सेन्सर मोडला नव्हता.

तिनं काम सुरू केलं. पुण्याहून जुनं आणलेलं टायर खोलायचं मशीन होतं. जुनं चाक त्यावर चढवायचं, हवा पूर्ण सोडायची, आणि व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूनं टायरची कड सुटी करायची. पान्यानं नट काढून सेन्सर अलगद बाहेर घ्यायचा. मग मॅगव्हीलचा टायर एका बाजूनं सोडवायचा, रबरी व्हॉल्व्ह उपटायचा, भोक पुसायचं, सेन्सर बसवायचा, नट बेतानं आवळायचा, साबणाचं पाणी लावून कड परत चढवायची आणि हवा भरायची. जोर कमी, जपणूक जास्त.

पहिला सेन्सर हातात आला तेव्हा तिनं हाक मारली, “पप्पूशेठ, या, बघून घ्या. चारी असंच तुमच्या डोळ्यांदेखत टाकते.”

पप्पू शेजारी हौशीरामच्या हॉटेलात मिसळ खात फोनवर बोलत होता. त्यानं हात हलवला. “कर तू, कर.”

“आणि काम झाल्यावर गाडी पाच-सहा किलोमीटर चालवायला लागंल, तवा दिवा जाईल. ध्यानात ठेवा.”

“हां हां,” पप्पू फोनमध्येच बोलावं तसा बोलला. आता तो कुणाला बोलला देव जाणे.

तीन चाकं झाली. चौथ्याला ती कॉम्प्रेसरच्या हवेचा पाइप आणायला मागं वळली आणि तेवढ्यात भागुजीनं, बसून बसून हात शिवशिवत असतील म्हणून, टॉमी उचलून सवयीनं व्हॉल्व्हपाशी घातली.

“आप्पा!” ती ओरडली. टॉमीखाली टक् असा बारीक आवाज झाला.

भागुजीनं टॉमी खाली टाकली. तिनं टायर सोडवून सेन्सर बाहेर काढला, उजेडात धरला, नखानं सगळीकडून चाचपला. चीर दिसली नाही. एका कोपऱ्यावर ओरखडा होता, तोही जुना वाटला. “कायबी न्हाई झालं,” ती म्हणाली आणि तो बसवला. पण बसवायच्या आधी तो कानाशी धरून दोनदा हलवून बघितला.

एक वाजता गाडी चारी चाकांवर उभी राहिली. पप्पू आला, किल्ली फिरवली, आणि दिवा पेटला. पिवळा, ठळक, होता तसा.

“ह्ये काय?”

“सांगितलं व्हतं ना. चालवायला लागंल. चाळीत महिनाभर पडून झोपलेत ते. फिरवल्याबिगर जागे व्हत न्हाईत.”

“झोपलेत?” पप्पू हसला, आणि हॉटेलाच्या दारातले दोघंतिघंही हसले. पप्पूनं कुणाला तरी पुण्याला फोन लावला. हो, हो, फाट्यावरच टाकले, एका मुलीनं, असं काहीबाही बोलला. मग नुसतं ऐकत राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याचं तोंड बदललं होतं.

“मेकॅनिक म्हनतोय, ह्येंचा धंदाच हाये. सेन्सर काढून घेत्यात, रिकामा टायर चढवत्यात आन् सेन्सर पुण्यात नेऊन इकत्यात.” तो दुकानाच्या पायरीवर चढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, “चारच्या चार सेन्सर चोरलेस तू. काढ भाईर.”

चोरलेस! फाट्यावर माणसं जमायला असा कितीसा वेळ लागतो? ट्रकमधले क्लीनर उतरले, जीपवाले आले, हौशीराम हातातली किटली घेऊनच आला. कल्याणीचे कान तापले. चोर हा शब्द तिच्या घरात नुसता शब्द नव्हता. तिचा आजा कुशाबा, लोणीचा. छप्पन सालच्या धर्मांतराच्याही आधीची गोष्ट. गावात एकाची बैल बांधायची साखळी हरवली आणि पहिलं कुशाबाला आणून चावडीपुढं बसवलं. दोन दिवस तो उन्हात बसून होता, घराची झडती झाली, कणगीतलं धान्य अंगणात ओतलं. तिसऱ्या दिवशी साखळी मालकाच्याच कडब्याच्या गंजीत सापडली. सापडली हे सांगायला मात्र कुणी आलं नाही. कुशाबा मरेपर्यंत काही लोकांच्या लेखी साखळीचोरच राहिला. जानकाबाई, तिची आई, ही गोष्ट सांगताना दर वेळी रागानं भांडी आपटायची.

“टायर उघड,” पप्पू म्हणाला. “समद्यांच्या म्होरं उघड. आन् दुकानाची झडती घेऊ द्या.”

भागुजी उठला. हात जोडायलाच निघाला होता. “उघडतो, शेठ, उघडतो. दाखवतो तुमाला. त्यात काय एवढं…” आणि तो टॉमीकडं वाकला.

कल्याणीनं टॉमीवर पाय ठेवला.

“आप्पा, बसा तुमी. टायर उघडायचा न्हाई.”

“अगं, दोन मिन्टाचं काम…”

“दोन मिन्टाचं असू दे न्हाईतर अर्ध्या मिन्टाचं. काम म्हनून धा येळा उघडीन. चोर म्हनून एकदाबी उघडनार न्हाई.”

गर्दीतून कुणी तरी शहाणपणा केला, “पोरी, कर न्हाई त्याला डर कशाला? दाखव की उघडून.”

“डर न्हाई म्हनूनच उघडत न्हाई,” ती त्या दिशेला फणकारली. “तुझ्या खिशातलं पाकीट माझं हाये म्हनते मी. चल, काढ पँट समद्यांच्या म्होरं. कर न्हाई ना तुला?”

लोक हसले. तो माणूस हौशीरामच्या मागं सरकला. पण पप्पू हसला नाही. “लई टुरटुर नको करू. पोलिसाला बोलवीन.”

“बोलवा. पर त्याच्या आधी मी दोनदा सांगितलेलं करा. गाडी चालवा. पिंपरी पेंढार इथून असंल नऊ-धा किलोमीटर. तिथवर दिवा गेला न्हाई, तर पोलीस कशाला, मीच तुमच्या म्होरं ही पाटी उतरवते, आन् परत टायरला हात लावनार न्हाई.”

हे बोलली आणि तिलाच धडकी भरली. ते टक् तिच्या कानात अजून वाजत होतं. चौथा सेन्सर आतून मोडला असेल तर? एक सेन्सर गेला तरी दिवा पेटून राहतो, त्याला चारही जावे लागत नाहीत. पण तोंडातून गेलेला शब्द आणि टायरमधून गेलेली हवा, परत कोण आणणार?

“म्हंजे मी गाडी घेऊन जायाची आन् तू हिकडं माल लांबवायचा?” पप्पू म्हणाला.

“मी बसते तुमच्या शेजारी.”

“मंग तुझा बाप इथं बसंल. हौशीराम, ध्यान ठेव ह्याच्यावर. हलू देऊ नको.”

कल्याणीचा आवाज एकदम खाली आला. तिचा आवाज खाली आला की घरातली माणसं दार लावून घेत.

“आप्पा इथंच बसतील,” ती म्हणाली, “कारन दुकान त्येंचं हाये. कुनी बसवलं म्हनून न्हाई.”

सयाजी बाकड्यावरून म्हणाला, “पप्प्या, घर त्याच रस्त्याला हाये. डिझेल का पेट्रोल, जे काय जळायचं ते जळू दे. जाऊन बघ.”

चुलत्यापुढं पप्पूचं काही चाललं नाही. त्यानं गाडीचं दार उघडलं, मागून वर्तमानपत्र काढलं आणि शेजारच्या सीटवर अंथरलं. शर्टाला ग्रीस होतं, हे खरं. ती स्वतः गिऱ्हाइकाच्या सीटवर पेपर टाकल्याशिवाय कधी बसायची नाही. पण तिनं टाकणं वेगळं आणि त्यानं टाकणं वेगळं, आणि हा पेपर ग्रीससाठी आहे की आणखी कशासाठी, हे विचारत बसायची तिची तयारी नव्हती. तिनं पेपर उचलला, नीट घडी करून त्याच्याच मांडीवर ठेवला आणि ग्रीससकट बसली.

गाडी निघाली. आत गार हवा, कातड्याचा वास, आणि समोर तो पिवळा दिवा. उभा चिरलेला टायर आणि त्यात उद्गारचिन्ह, असं त्याचं चित्र.

एक किलोमीटर जातो न जातो तोच पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना लोंबणारा, आणि समोरून एकामागं एक गाड्या. ओव्हरटेकला जागाच नाही. काटा दहा-बारावर रेंगाळायला लागला.

“गेला का दिवा?” पप्पूनं विचारलं.

“वेग तरी घ्या. बैलगाडीच्या चालीला त्यो जागा न्हाई व्हनार.”

“आता ट्रॅक्टरचा दोष.”

“ट्रॅक्टरचा न्हाई, तुमचा. मिसळ खाताना माझं ऐकलं असतं तर एव्हाना घरी असता.”

दोन किलोमीटर. तीन. ट्रॅक्टरवाल्यानं टेपवर गाणी लावली होती आणि तो मजेत चालला होता. कल्याणीनं दिव्यावरून नजर काढली नाही. पाटी उतरवायची म्हणजे काय, ते आता तिला नीट दिसायला लागलं. बापानं तीस वर्षं रस्त्याकडेला उन्हात बसून उभं केलेलं दुकान, आणि आपण चार माणसांपुढं तोंड उचलून ते पणाला लावून आलो. मोडला असला सेन्सर, तर आप्पा मोडतील. ते म्हणतील माझ्या हातानं झालं. तिला रडायला येत होतं, आणि ह्याच्या गाडीत रडायचं नाही म्हणून तिनं दातओठ घट्ट आवळून धरले.

“फिरवतो माघारी,” पप्पू म्हणाला. “बास झालं नाटक.”

“पिंपरी पेंढार म्हनाले व्हते मी. आलं का पिंपरी पेंढार?”

तेवढ्यात ट्रॅक्टर डावीकडच्या कच्च्या रस्त्याला वळला. शेवटची ट्रॉली वळेपर्यंत जीव नकोसा झाला. मग रस्ता मोकळा झाला. पप्पूनं रागारागानं पाय दाबला, आणि गाडी अशी सुटली की कल्याणी सीटमध्ये रुतली. चाळीस. साठ. ऐंशी. दिवा तसाच. एक मिनिट गेलं. द्राक्षाच्या बागा मागं पडल्या, एक एसटी मागं पडली. दिवा तसाच.

आणि मग तो विझला.

आवाज नाही, काही नाही. होता आणि नाही, इतकंच. पप्पूनं दोनदा वाकून बघितलं. बोटानं काच पुसली. दिवा नव्हता. चारही सेन्सर जागे झाले होते, चौथ्यासकट.

कल्याणीनं डोळे मिटून श्वास सोडला. तिला हसू यायला लागलं, ते तिनं थांबवलं नाही.

पिंपरी पेंढारच्या स्टँडपाशी पप्पूनं गाडी कडेला घेतली. “बरं झालं,” तो म्हणाला. “गेला दिवा. उतर तू हितं, फाट्याला जीपा चालूच असत्यात. तुझं काय व्हईल त्ये काका देतील.”

ती हलली नाही.

“उतर की. घरी जायाचंय मला. उद्याची तयारी हाये.”

“गाडी वळवा.”

“कशापायी? दिवा गेला ना?”

“दिवा गेला त्यो तुमाला दिसला, मला दिसला. फाट्यावर पन्नास माणसं उभी हायेत, त्येंच्या लेखी मी अजून चोर हाये. माझा बाप तिथं बसलाय. मी जीपमधनं एकटी उतरले की काय म्हनतील? पळाली व्हती, आली माघारी. तुमी चोर म्हनालात त्ये पायरीवर चढून म्हनालात. आता हितं स्टँडावर सोडून चालनार न्हाई.”

“लोक इसरत्यात, कल्याणी.”

“कुनी इसरत न्हाई, पप्पूशेठ. तुमी इसराल. वळवा गाडी.”

पप्पूनं घड्याळ बघितलं, रस्ता बघितला, तिच्याकडं बघितलं. तिनं हाताची घडी घातली होती आणि ती पुढं बघत बसली होती. तिला ओढून बाहेर काढायची हिंमत त्याच्यात नव्हती. स्टँडवर गावची ओळखीची माणसं होती, दोघं वाकून काचेतून बघायलाही लागली होती. त्यानं गाडी वळवली.

फाटा आला. गर्दी पांगली नव्हती, उलट वाढली होती. दुकानात हवेचा कॉम्प्रेसर खडखडत होता. पप्पूनं दुकानासमोर गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. पुढं बघतच तो हळू म्हणाला, “सॉरी. झालं ना आता?”

“काच खाली घ्या,” कल्याणी म्हणाली.

“म्हटलं ना सॉरी.”

“मला ऐकू आलं. मी चोर न्हाई, ह्ये मला आधीपासनंच म्हाईत व्हतं. काच खाली घ्या.”

काच चार बोटं खाली आली.

“पूर्ण.”

काच पूर्ण खाली गेली. बाहेरची धूळ आणि डिझेलचा वास आत आला. लोक पुढं सरकले, सयाजीही उठून उभा राहिला. पप्पूनं मान जराशी बाहेर काढली. “दिवा गेलाय,” तो पुटपुटला. “सेन्सर हायेत गाडीत. माझं चुकलं.”

आणि मग बाकड्यावरून भागुजी उठला. मघाशी हात जोडायला निघालेला भागुजी. त्यानं मागं जाऊन कॉम्प्रेसरचं बटण खाली केलं. खडखड थांबली. त्यानं फडक्यानं हात पुसले, सावकाश रस्त्यावर आला, गाडीच्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला.

“कॉम्प्रेसर चालू व्हता,” तो म्हणाला. “मागच्या मान्सांना ऐकू न्हाई गेलं. भागुजी म्हना, आणि परत सांगा.”

कल्याणी बापाकडं बघत राहिली. पप्पूनं इंजिन बंद केलं, गाडीतून खाली उतरला, ‘भागुजी’ म्हणाला, आणि पहिल्यापासून सगळं परत सांगितलं.